अठ्ठेचाळीस तासांचं भाडं

हेमांगी पडवळने चाचणीचं बटण दाबलं तेव्हा पडणारा ठिपका रेघ ओलांडून गेलेला होता. सलग सातव्यांदा.

"किती?" तिने विचारलं.

"नव्वद," डॉक्टर इरफान मुजावर म्हणाले.

"आणि गेल्या महिन्यात?"

"वीस."

हे आकडे तिला झालेल्या उशिराचे, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. ऐकायला अगदीच किरकोळ. पण 'दर्यावर्दी' यान पाच महिन्यांनी शनीच्या टायटन या चंद्रावर पोहोचणार होतं, आणि तिथल्या दाट धुक्यात शेवटचे दोनशे मीटर यंत्रावर सोपवता येणार नव्हते. जमीन कुठे घट्ट आणि कुठे चिखल, हे यंत्राला आयत्या वेळी ओळखू येत नव्हतं. यान उतरवणार होती हेमांगी, स्वतःच्या हाताने. यानात माणसं सहा आणि वैमानिक एकच. तिची चूक दीडशेच्या पुढे गेली, की सहाच्या सहा जणांचा कारभार आटोपला.

"वस्तू पडताना तिचा वेग वाढत जातो, हे गणित मेंदू लहानपणापासून आपसूक करतो," मुजावर म्हणाले. ते मूळचे मिरजेचे, आणि वाईट बातमीसुद्धा चहा विचारावा तशी सांगायचे. "त्याला आपण गुरुत्वभान म्हणतो. इथे वर्षभर काही पडलेलंच नाही. मग मेंदू म्हणतो, कशाला सांभाळू हे?"

"म्हणून तर खुर्ची दिली होती ना!"

ती खुर्ची कोपऱ्यात होती. सरावखुर्ची. तिच्या कानामागच्या पट्ट्या आतल्या कानाला खालच्या दिशेची ओढ भासवायच्या, आणि हातातला दांडू मनगटाला खराखुरा हिसका द्यायचा. खेळ साधा होता, विटीदांडूचा. विटी उडवायची आणि खाली पडायच्या आत टोलवायची. गुरुत्व पृथ्वीचं लावा नाहीतर टायटनचं. रोज तासभर खेळलं की गुरुत्वभान शाबूत राहायचं. गेला महिनाभर मात्र तिच्या पडद्यावर एकच ओळ होती: 'आपल्या वर्गणीचे नूतनीकरण होऊ शकले नाही.'

खुर्चीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. ते यानाच्या अभियंत्या सुभद्रा वाघचौरे यांचे.

"मेल्यांनो," खुर्चीखालून आवाज आला, "अख्ख्या मोहिमेची वर्गणी भरून ठेवलीय. तरी यांचं रडगाणं संपत नाही!"

"ताई, पैसे भरलेत तर अडतंय कुठे?" हेमांगीने विचारलं.

सुभद्राताई तरंगत बाहेर आल्या. वय एकावन्न, केस कापडी पट्टीने बांधलेले, आणि चेहरा असा की खुर्चीने घाबरावं.

"नीट ऐक. दर महिन्याला खुर्ची पृथ्वीवरच्या कंपनीला विचारते, वर्गणी चालू आहे का? तिकडून होकार येतो. पण तो होकार प्रश्न विचारल्यापासून एक तासच ग्राह्य. कोणी जुना होकार जपून ठेवून पुन्हा वापरू नये, म्हणून. पृथ्वीवर उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत मिळतं, तिथे तास म्हणजे फार झाला. पण आपण किती लांब आलोय? प्रकाशाला जाऊन यायला आज सव्वा तास लागतो. म्हणजे होकार इथे पोहोचतो तो शिळा होऊनच."

"आणि गेल्या महिन्यात?"

"एक तास दोन मिनिटं. दोन मिनिटांनी हुकलं, हेमांगी!"

"मग कंपनीनेच नियम बदलावा."

"विचारलं. ते तयार आहेत बिचारे. पण नवा नियम खुर्चीत घालायचा तर त्यालाही होकार लागतो, आणि तोही तासाचाच. स्वतःच्याच कुलपाची किल्ली त्यांच्याकडे नाही. आणि मी दुसरा खेळ लिहिला तर खुर्ची तो घेत नाही. कुलूप फोडलं की पट्ट्या जळतात."

"विकत घेतला तर?"

"विकत घेतलेला खेळ एकदाच उघडावा लागतो, मग जन्मभर आपला. पण त्या एकदाला होकार लागतोच. निघण्यापूर्वी घेतला असता तर आज मजेत खेळत बसली असतीस."

तेव्हा का घेतला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोहिमेच्या कार्यालयात विकत घेतलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवावी लागते, आणि दर मार्चमध्ये कोणीतरी ती प्रत्यक्ष बघून सही करतो. खुर्चीचं ठीक होतं. पण ज्याला हात लावता येत नाही, त्या खेळाची पाहणी कोण करणार? तेही अवकाशात? सही करायला कोणी धजेना. मग साहेबांनी पळवाट काढली: वर्गणी घ्या, वर्गणी वस्तू नसते. सगळे खूश झाले आणि सहा जणांचा जीव त्या पळवाटेला टांगला गेला. याचा राग येऊ नये तर काय यावं!

सुभद्राताई मात्र रागात फार वेळ घालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन दिवस त्या कंपनीचे नियम ओळ न् ओळ वाचत बसल्या. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता थांबल्या.

"डॉक्टर, माझ्या वडिलांचं, दादांचं, संगमनेरला बसस्टँडसमोर दुकान होतं, ठाऊक आहे का? चार खुर्च्या, तासाच्या भाड्याने खेळायच्या."

"आता त्याचं काय?"

"दादांचा एक नियम होता. पोरगं बसलं म्हणून वेळ सुरू होत नाही. दादा स्वतः येऊन बघणार, चित्र नीट दिसतंय का, दांडू चालतोय का. मग टेबलावर टिचकी मारून म्हणणार, 'चालू झाली बघ वेळ!' तोवर खेळलेलं सगळं फुकट. कधीकधी गिऱ्हाईकं इतकी असायची की दादांना यायला पाव तास लागायचा. पोरं देव पाण्यात घालून बसायची, दादा येऊ नयेत म्हणून."

मुजावर हसले. "बरं, मग?"

"मग काही नाही. मला भाड्याचं एक कूपन हवंय."

मोहिमेच्या कार्यालयाने कळवलं, की खेळ भाड्याने घेण्याची तरतूद नाही. प्रस्ताव पाठवा, विचार करू. सुभद्राताईंनी दुसरा निरोप थेट संगमनेरला धाकट्या भावाला धाडला. "अरे विनायका, बाजारात जा आणि विटीदांडूचं भाड्याचं कूपन आण. अठ्ठेचाळीस तासांचं, सगळ्यात स्वस्त. नेट अधूनमधूनच येणाऱ्या गावी नेतात ते. नंबर वाचून पाठव. आणि कशाला म्हणून विचारू नकोस."

नंबर सोळा आकडी होता. खुर्चीने तो स्वतःच पडताळला, त्याला कोणाच्या होकाराची गरज नव्हती. पडदा उजळला. विटी दिसली. हेमांगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अठ्ठेचाळीस तास," मुजावर हळूच म्हणाले. "आपण रोज एकच तास खेळलो तरी हे घड्याळ पळतच राहणार. परवा पुन्हा कुलूप."

"परवाचं परवा. तू बस गं. गुरुत्व टायटनचं लाव."

परवा आला. मुजावर सकाळी खुर्चीपाशी आले ते मनाची तयारी करूनच. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता: शिल्लक अठ्ठेचाळीस तास. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एक मिनिटही कमी झालेलं नव्हतं.

"ताई! हे बिघडलंय का?"

"बिघडलं नाही, नियमाने चाललंय," सुभद्राताई म्हणाल्या, आणि महिनाभरात पहिल्यांदा हसल्या. "भाड्याचे पैसे आधीच घेतलेले असतात. म्हणून गिऱ्हाइकाचं एक मिनिटही वाया जाता कामा नये, असा नियम आहे. खुर्ची कंपनीला कळवते, 'खेळ सुरू झाला.' कंपनी वेळेचा शिक्का पाठवते. तो शिक्का मिळाला की तिथून घड्याळ चालू. तोवर खेळा खुशाल. पण तो शिक्काही तासाभरात शिळा होतो. खुर्ची तो फेकते आणि पुन्हा विचारते. पुन्हा शिळा. वर्गणीला ज्या नियमाने कुलूप लागलं, त्याच नियमाने भाडं कधी सुरूच होत नाही."

"म्हणजे दादा अजून टेबलाशी आलेच नाहीत."

"यायला सव्वा तास लागतोय त्यांना. येईनात का सावकाश!"

चाचणीतला आकडा नव्वदवरून साठवर आला, मग चाळिसावर. पाच महिने हेमांगी रोज खेळली. जांभया देत खेळली, ताप असताना खेळली, एकदा तर सुभद्राताईंशी कडाक्याचं भांडून खेळली. सुट्टी मागितली की ताई एवढंच म्हणायच्या, "सहा जण आहोत."

टायटनच्या नारिंगी धुक्यात यान शिरलं, तेव्हा तिची चूक अठरा होती. दोनशे मीटरवर यंत्राने हात टेकले. शंभरावर खाली चकाकणारा चिखल दिसला. हेमांगीने यान डावीकडे ओढलं, एका खडकाळ उंचवट्यावर पडू दिलं, आणि नेमक्या क्षणी सावरलं. यानाचे पाय टेकले. मग मुजावरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सगळेच एकदम बोलायला लागले.

तिथे चौदा महिने काम झालं. मग परतीचा प्रवास सुरू झाला. आता खुर्चीत पृथ्वीचं गुरुत्व लावलं होतं, घरी जाऊन पायावर उभं राहायचं म्हणून सहाही जण आळीपाळीने खेळत होते. कोपऱ्यातल्या त्या अठ्ठेचाळीसकडे कोणाचं लक्षही जात नसे. पाठ झालेल्या पत्त्यासारखा तो आकडा तिथे होता.

एके दिवशी दुपारच्या जेवणाआधी हेमांगी खेळत होती. विटी हवेत असतानाच पडदा किणकिणला. तिची विटी हुकली.

"ताई! ताई, इकडे या! खुर्ची काहीतरी म्हणतेय!"

सुभद्राताई हातातलं टाकून आल्या. पडद्यावर लिहिलं होतं: 'आपला भाडेकाळ सुरू झाला आहे. शिल्लक सत्तेचाळीस तास एकोणसाठ मिनिटे.'

"आता बंद पडणार?" हेमांगी घाबरून म्हणाली. "दोन दिवसांत? अजून महिने आहेत घरी पोहोचायला! ताई, काहीतरी करा ना!"

"आता काही करायला नको. आता विकतच घेऊ, होकार वेळेत येईल," सुभद्राताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चमत्कारिक झाला होता. "अगं, शिक्का ताजा पोहोचला. म्हणजे जाऊन यायला तासापेक्षा कमी वेळ लागला. पृथ्वी अर्ध्या तासावर आली, हेमांगी."

मागून मुजावर आले, बाकीचे तिघेही आले. पडद्यावरचा आकडा एका मिनिटाने उतरला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

सुभद्राताईंनी खुर्चीच्या हातावर बोटाने टिचकी मारली.

"चालू झाली बघ वेळ," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या देखत रडल्या.