पत्र्याची बाई

डेंटरने पत्र्याची बाई करायला घेतली, तेव्हा त्याच्या बायकोला हायसं वाटलं. गॅरेज सुटल्यापासून त्याचा हात तिच्यावरच चालत होता. आता तो मागच्या शेडमध्ये चालू लागला. मूर्तिकला त्याला कुणी शिकवली नव्हती. जन्मभर आपटलेल्या गाड्यांचे पोचे काढलेले, तेवढीच विद्या. तरी चार महिन्यांत जुनी दारं आणि बॉनेटं जोडून दहा फुटी बाई उभी राहिली. बघणारे तोंडात बोट घालत.

मग तो तिलाच मारू लागला. काही बिनसलं की शेडमध्ये जायचा, हातोडा उचलायचा. बायको भाजी चिरता चिरता ऐकत राहायची. निदान आपली पाठ सुटली, असं मनाशी म्हणायची.

एका सकाळी तो शेडमधून तसाच परत आला.

"आत कोण गेलं होतं?"

"किल्ली तुमच्याच खिशात असते."

"कालचे पोचे नाहीत. एकही नाही."

त्या दिवशी त्याने दुप्पट मारलं. सकाळी पत्रा पुन्हा गुळगुळीत. आठवडाभर हेच चाललं. मग त्याच्या पाठीवर काळेनिळे गोल उठू लागले. तेल लावताना तिने विचारलं, "पडलात का कुठे?"

"गप्प बस," तो म्हणाला. पण हात उचलला नाही.

गुरुवारी दुपारी ती शेजारच्या शिंपीणबाईंकडे काजं करत बसली होती. शेडमधून घाव ऐकू येत होते. मध्येच त्याची हाक आली, अर्धीच. घाव थांबले नाहीत.

"आज फारच पेटलेत तुमचे हे," शिंपीणबाई म्हणाल्या.

ती धावली. शेडला आतून कडी होती. दोघींनी पहारीने दार उचकटलं, तोवर आवाज चालूच होता.

दार पडलं. आवाज थांबला.

तो बाईच्या पायाशी पडला होता. छाती चेपलेल्या पत्र्यासारखी आत गेलेली. हातोडा खुंटीला होता.

पोलिसांनी अपघात लिहिला.

महिन्याने भंगारवाला गॅसकटर घेऊन आला. पोटाचा पत्रा कापून त्याने उताणा केला आणि बघतच राहिला.

"ताई, हिच्या आत शिरायला वाट होती?"

"नव्हती."

"मग आतून कोण ठोकत होतं?"

आतल्या बाजूला शेकडो खळगे होते. हातोड्याचे नव्हते, मुठीचे होते. बोटं स्पष्ट उमटली होती.

भंगारवाला पाणी प्यायला गेला. तिने मूठ वळली आणि एका खळग्यात ठेवली.

नीट बसली. नवऱ्याने मोडलेलं, वाकडंच जुळून आलेलं मधलं बोटसुद्धा.