कडूबाबुवांचा मुका तंबोरा

"इंदर, तंबोऱ्याले हात लावशील तर पाह्य," यमूने धाकट्या भावाला दम दिला.

इंदरने हात मागे घेतला आणि पायाने चटई उकरायला सुरुवात केली. नाताळच्या सुट्टीत बाबांनी दोघांना अमरावतीहून खामगावला आणलं होतं, ते कडूबाबुवांचं गाव दाखवायला. बुवा मोठे गवई, त्यांनी बांधलेल्या चिजा साऱ्या वऱ्हाडात गायल्या जात. बाबा त्यांचे असे भक्त, की बुवा ज्या विहिरीवर अंघोळ करत, तिचं पाणीही त्यांनी मुलांना प्यायला लावलं. मग बुवांचा पार, बुवांची शाळा, आणि आता बुवांची खोली. अकरा वर्षांच्या मुलाने हात जोडून उभं तरी किती राहायचं?

खोली निजामचाचा सांभाळत. त्यांचे वडील बुवांना सारंगीची साथ करायचे. चाचांनी तंबोऱ्याच्या तारांवरून बोटं फिरवली आणि खोली गुणगुणायला लागली. इंदरही थबकला. आज बुवांची पुण्यतिथी होती, आणि संध्याकाळी त्यांच्या शिष्या फातिमाबाई याच तंबोऱ्यावर गाणार होत्या. त्यांना आणायला चाचा जलंब स्टेशनवर निघाले. किल्ली त्यांनी आपल्या मुलीकडे, गुलनारकडे दिली.

"तुम्ही खेळा," बाबा मुलांना म्हणाले. "मी इथे खोलीत बुवांपाशी जरा एकटा बसतो."

दुपारी गावातले रामराव मामा तंबोरा बघायला आले. कार्यक्रमाचे पुढारी तेच. गुलनारने कुलूप उघडलं, मामांनी तार छेडली, आणि रिकामा डबा वाजवावा तसा आवाज आला. पुन्हा छेडली, पुन्हा तेच.

"हा तो तंबोरा नव्हेच," बाबा ठामपणे म्हणाले. "मी हजार तंबोऱ्यांत ओळखीन. कोणीतरी बदललाय."

"किल्ली तर यायच्याच घरी होती," मामा म्हणाले. त्यांनी गुलनारच्या हातातून किल्ली काढून घेतली. "येऊ दे तुह्या बापाले. मंग पोलिसाईलेच बोलावतो."

गल्लीत आल्यावर गुलनारला रडू फुटलं. "अब्बा त्या खोलीत पायताण घालून जात नाईत. अन् त्यायले चोर म्हनतेत?"

यमूला बाबांचा राग आला. पण रागाने तंबोरा थोडाच बोलणार?

इंदर इकडून तिकडे येरझारा घालत होता. शेजारच्या अंगणात गफ्फार पिंजारी कापूस पिंजत होते. त्यांच्या कमानीची दोरी टणटणत होती. इंदरने कापसाचा पुंजका उचलला आणि दिला त्या दोरीवर चिकटवून. आवाज एकदम बसला.

"काऊन बे, काम करू देतं का नाई?" गफ्फारचाचांनी पुंजका उपटला. आवाज पहिल्यासारखा झाला.

यमू उठून उभी राहिली. "एवढ्याशा कापसानं आवाज बदलते. मंग तंबोरा तोच असंल, अन् त्याच्यावरलं काही निघालं असंल तर?"

"दोरे!" इंदर ओरडला. "सकाळी तारा ज्या घोडीवर टेकतेत, तिच्यावर दोरे होते, हरएक तारेखाली एक. मले ते ओढून पाह्यचे होते. आईशप्पथ, मी नाई ओढले!"

"मंग कोनं?" गुलनारने विचारलं.

बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिलं. बुवांपाशी एकटं कोण बसलं होतं?

ते उतरले होते त्या घरी बाबा घोरत होते. कोट खुंटीला होता. खिशातल्या रुमालात धूळ निघाली, आणि धुळीत ते मळकट दोरे. बाबांनी भक्तीने तंबोरा लख्ख पुसला होता, आणि कचरा समजून त्याचा आवाजच पुसून नेला होता.

पण खोलीला कुलूप आणि किल्ली मामांकडे. यमू झाडू घेऊन त्यांच्यापुढे गेली. "मामा, पाहुण्या येतीन. खोली झाडायची आहे."

मामा सतरंज्या मोजत होते. त्यांनी मान वर न करता किल्ली देऊन टाकली. चोरीची एवढी धास्ती घेतलेला माणूस!

गुलनारने तार उचलायची, यमूने दोरा सरकवायचा आणि इंदरने ऐकायचं. "मांगं घे. अजून. जराशी पुढं... थांब, थांब!"

खोली गुणगुणायला लागली. मामा आणि बाबा धावत आले.

"सापडला? कुठे होता?" बाबांनी विचारलं.

यमूने धुळीचा रुमाल पुढे केला आणि घोडीवरच्या दोऱ्यांकडे बोट दाखवलं. बाबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात दाराशी बैलांची दमणी थांबली आणि निजामचाचा फातिमाबाईंना घेऊन उतरले. चाचांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाबांनी यमूकडची किल्ली घेऊन मामांसमोर चाचांच्या हातात ठेवली. "चाचा, दोरे मी काढले आणि संशय तुमच्यावर घेतला. मला माफ करा."

चाचांनी गुलनारचे सुजलेले डोळे पाहिले. "माफी तिले मांगा साहेब. रडली ते आहे."

बाबांनी बारा वर्षांच्या गुलनारपुढे हात जोडले. मामांनीही जोडले.

फातिमाबाईंनी तंबोरा कानाशी धरला. "दोरा कोनं बसवला? माह्या गुरूच्या हातचाच वाटते."

"आम्ही तिघांनी. कान इंदरचा," गुलनार म्हणाली.

"शाबास रे लेकरंहो! मंग आज तंबोऱ्यावर हाच बसंल."

संध्याकाळी इंदर तंबोरा घेऊन बसला. पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, पण तो हलला नाही. पहिल्या रांगेत बाबांनी कपाळ पुसायला खिशात हात घातला आणि रुमाल न काढताच हात परत बाहेर घेतला.