डाव्या बाजूची सीट

करडाला हगवण लागली होती म्हणून मी त्याला धारूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. एवढंच काम होतं. इंजेक्शन झालं, डॉक्टरनं पुडी दिली आणि ऊन कलताना मी करडू कडेवर घेऊन जीपा लागतात तिथं आले. थंडीचे दिवस. ऊन गेलं की अंधार यायला वेळ लागत नाही.

माझी अंजू धारूरच्याच शाळेत आठवीला आहे. शाळेतून मिळालेल्या सायकलवर जाते-येते. शाळा सुटून ती पुढं निघाली होती. आमची वस्ती घाटाच्या पायथ्याला आणि मधला रस्ता एका गाडीपुरता. डांबरावर डांबर चढवून त्याची कड वीतभर उंच झालीय. मागून जीप आली की सायकलवाल्यानं खाली उतरायचं, खडीत नाहीतर काट्यात. नाही उतरला तर जीपवाले उतरवतात. जीप सायकलीला घासून न्यायची, आणि पुढं डाव्या अंगाला जो बसला असेल त्यानं हात बाहेर काढून पाठीत धपका हाणायचा. सायकलवाला आडवा झाला की सगळी जीप हसते. भागवतच्या जीपचा तर कायदाच होता. डाव्या सीटवर बसायचं असेल तर हे काम करायचं.

ईश्वरप्पा पाववाला तसाच गेला. साठीचा माणूस. हँडलला रबरी भोंगा, मागं पत्र्याची पेटी. मागच्या दिवाळीनंतर घाटातल्या दरीत सापडला. सायकल कुणालाच सापडली नाही. त्याला धुताना गड्यांनी पाठीवर पाच बोटं पाहिली, काळीनिळी. दगडाचा मार आहे म्हणाले आणि मिटवलं. जीप कुणाची होती, ते कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी भागवतचीच जीप उभी होती. माणसं मिळेनात म्हणून रिकामीच निघाली होती.

"मावशे, मागं बस की. करडू घाण करील."

"मी हितंच बसणार, डाव्या अंगाला. अंजी माझी रस्त्यावर हाय. तिला धक्का लागला तर बोटं छाटीन तुझी."

त्यानं माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. त्या हाताला करंगळी नाही, कडबा कापायच्या कुट्टी मशिनीत गेली. "तुमच्या घरी बोटं छाटायची सवयच हाय म्हणा," म्हणाला आणि दात काढले.

"गाडी काढ."

गाव मागं पडलं तसा एक दूधवाला सायकलवर दिसला. दोन्हीकडं किटल्या. भागवतनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. म्हातारा घाईनं खाली उतरला, एक किटली दगडावर आपटली, दूध मातीत गेलं.

"मुडद्या, डांबर काय तुझ्या बापाचं हाय का?"

"म्या टॅक्स भरतो, मावशे. सायकलीला टॅक्स न्हाई. आन त्याला पाय हायत की उतरायला."

घाट लागला. डोंगरामागं उजेड गेला, सीताफळीची झुडपं काळी पडली. भागवतनं लाइट लावले. वारा थंड होता, वाळल्या पाल्याचा वास येत होता. मग तो वास गेला आणि गरम पावाचा आला. भट्टीतून आत्ता काढलेल्या पावाचा. करडानं माझ्या काखेत तोंड खुपसलं.

पुढं लाइटात एक सायकल होती. मागं पत्र्याची पेटी. माणूस चढ चढताना मारतात तसं हळू, जोर लावून पायडल मारत होता. अन् तिथं तर उतार होता.

भागवतनं हॉर्न दिला. तो डांबरावरून हलला नाही. भागवतनं गाडी दाबली, इंजिन ओरडायला लागलं, खिडक्या थडथडायला लागल्या. पण सायकल होती तेवढीच लांब. पायडल तेच, हळू.

पों... पों...

"मावशे..." भागवतचा आवाज पार बारीक झाला होता. "तुला बी दिसतंय का?"

"दिसतंय."

"तो तर गेलता..."

"कुणी घालवला रं?"

त्यानं बाहीनं समोरची काच पुसली. मग म्हणाला, "म्या फकस्त चालवत व्हतो... हात दुसऱ्याचा व्हता..."

तेवढ्यात वळण आलं. वळणापलीकडं सायकल रस्त्यावर आडवी पडलेली. माणूस नाही. मागचं चाक मात्र फिरत होतं. भागवतनं ब्रेक दाबला.

"तू हटीव गं जरा..."

"तूच उतर. तुला बी पाय हायत की."

तो उतरला. वाकून हँडल धरलं, सायकल उभी केली. मग त्याचा पाय वर गेला. तो नको नको म्हणून मान हलवत होता आणि पाय आपला सीटवरून पलीकडं गेला. सायकल चालायला लागली. पायडल मारता मारता तो मागं बघत होता. "मावशे... मावशे..."

आणि जीप हलली.

माझ्या शेजारची सीट रिकामी होती. रिकामी, पण कुणीतरी बसल्यासारखी खाली दबलेली. स्टेअरिंग थोडं इकडं, थोडं तिकडं वळत होतं. गिअर पडला. पावाचा वास आता इतका जवळ होता की तोंडाला पाणी सुटावं. करडू त्या सीटकडं टक लावून बघत होतं, ओरडत नव्हतं.

मी भ्याले असेन असं तुम्हाला वाटेल. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटत होतं. लाइटात भागवतची पांढरी पाठ हलत होती. जीप त्याच्या मागं लागली होती, ना पुढं जायची ना सोडायची. हॉर्न वाजला, तोही पों पों असा. तो घाबरून डांबराच्या कडेला गेला. डोळ्यांपुढं तो दूधवाला आला, मातीतलं दूध आलं, ईश्वरप्पाची पाठ आली. आता कळू दे म्हटलं याला.

जीप त्याला घासून निघाली. त्याची पाठ माझ्या खिडकीशी आली.

"उतर खाली," मी म्हणाले. आवाज माझाच होता.

हात बाहेर काढला आणि हाणला. शेण उचललेला, लाकडं फोडलेला हात आहे हा. अंगात होतं तेवढं सगळं बळ लावून हाणला. पाठीत खोल आवाज झाला. सायकल कडेवरून खाली गेली, खडी उडाली. आणि मी हसले. ते सगळे हसतात ना, तशीच.

जीप थांबली.

शेजारी भागवत बसला होता. दोन्ही हात स्टेअरिंगवर, तोंड राखेसारखं. "मावशे," म्हणाला, "हे काय केलंस गं..."

"तू... तू तर..."

"पोरगी हाय ती... तुझी..."

मी करडू टाकून धावले. मागच्या तांबड्या लाइटात शाळेची सायकल खडीत पडली होती. तिचं चाक फिरत होतं. पलीकडं दप्तर, आणि बाभळीच्या काट्यात पालथी माझी अंजू. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यात.

भागवत म्हणतो, तो जीपमधून उतरलाच नाही. पाववाला बिववाला कुणी दिसला नाही, घाटात मी त्याच्याशी काही बोलले नाही. नुसती अंजी पुढं दिसली, त्यानं गाडी हळू केली, आणि मी हात बाहेर काढला. तो देवाची शपथ घेतो. मी त्याची गचांडी धरली तरी तेच म्हणतो.

अंजूचा हात मोडला. प्लॅस्टर घातलं. दवाखान्यात तिनं मला एकच विचारलं. "आई, तू मला कावून मारलंस? आन हसत कावून व्हतीस?"

आता ती माझ्याजवळ झोपत नाही, माझ्या जावेजवळ, शिवकन्याजवळ झोपते. मी ताट वाढायला हात पुढं केला तरी अंग चोरते.

तिच्या पाठीवर वळ उठला होता. चार बोटं, आणि करंगळीची जागा कोरी. म्हणजे हात माझाच, त्यात वाद नाही. डॉक्टर म्हणाला, आठवड्यात जाईल. महिना होऊन गेला. शिवकन्या रोज हळद लावते, मी दारातून बघते. वळ फिका पडत नाही, उलट काळानिळा होत चाललाय. माझ्या हाताला मात्र पावाचा वास येतो. राखेनं घासला, शेणानं घासला, जात नाही. करडू त्या हातातलं काही खात नाही.

परवा शिवकन्यानं मला हाक मारली. "जाऊबाई, जरा दिवा जवळ आणा."

आणला. त्या कोऱ्या जागेवर पाचवं बोट उमटत होतं, पेरभर.

आज दोन पेरं झालंय.