परातीची उलटी प्रदक्षिणा

"डावं पुढचं टायर पुन्हा गेलं!" आत्या गाडीखालून ओरडली आणि शरयू धावत आली.

मंगळावरच्या कोंदण वस्तीत एकच गाडी होती, आणि नेमके आजच शरयूचे बाबा 'परात'च्या पलीकडच्या काठावर अडकले होते. परात म्हणजे भलंमोठं गोल विवर (उल्का आदळून पडलेला खड्डा). पलीकडे होतं बर्फ वितळवून पाणी काढायचं पंपघर. तिथलं हवेचं यंत्र बंद पडलं होतं आणि बाबांकडे संध्याकाळपर्यंतच पुरेल एवढी हवा होती. हवेच्या टाक्या गाडीत चढवून झाल्या होत्या, गाडी चालवणारा यंत्रमानव नंदी जागेवर बसला होता, आणि हे टायर! आतले धागे दिसायला लागलेले. जादाचं टायर गेल्याच फेरीत फुटलं. चाकं काढायला गाडी उचलायचा जॅक? तो त्याच फेरीत बाबांबरोबर पंपघरात राहिला! दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय?

सुलभाआत्या बाबांची धाकटी बहीण. वस्तीतली सगळी यंत्रं तिच्या हाताखालची.

"असंच निघू ना गं!" शरयू रडकुंडीला आली.

"आणि अर्ध्या वाटेत फुटलं तर? हवा त्याच्यापर्यंत पोचणार कशी? आधी कारण कळू दे. हे बघ, टायर मधोमध झिजलं तर त्यात हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर बहुतेक चाकाचा कल चुकलेला (म्हणजे चाक ताठ उभं नाही, एका अंगाला झुकलंय)."

"मग इथे तर बाहेरचीच कड गेलीय!"

"तेच तर! पण कल मी पुन्हा पुन्हा मोजला. चाक ताठ आहे गं." आत्याचा आवाज चिरकला. "दादा तिकडे एकेक श्वास मोजतोय आणि मला साधं टायर कळेना!"

आत्याला असं हताश झालेलं शरयूने कधी पाहिलं नव्हतं. ती गाडीभोवती फिरली. मागचं डावं टायरही बाहेरच्या कडेला खाल्लेलं. उजवीकडची दोन्ही मात्र जवळजवळ कोरी.

चपलेचा तळ बघावा, माणूस कसा चालतो ते कळतं, असं आत्याच नेहमी म्हणायची. मग ही गाडी चालली तरी कशी? शरयूने नकळत आपला डावा खांदा चोळला. दर फेरीत तोच दुखायचा.

"आत्या! मी नेहमी डाव्याच खिडकीवर आपटते! जातानाही आणि येतानाही! नंदी, तू परातीच्या रस्त्यावर कधी डावीकडे वळलायस?"

"कधीच नाही, ताई," नंदी म्हणाला. "परातीच्या मध्यभागी आपलं पहिलं यान उतरलं. त्याला प्रदक्षिणा उजवीच घालायची, असं मला शिकवलं आहे. जाताना अर्धी, येताना उरलेली अर्धी."

आत्याने कपाळावर हात मारला. "मीच शिकवलं गं याला! गाडी सतत उजवीकडे वळते, तेव्हा तिचा भार बाहेर पडतो, डाव्या चाकांवर. त्यात काठावरचा रस्ता बाहेरच्या अंगाला उतरता. मग डावी टायरं बाहेरच्या कडेवर घासत जातात. गाडीत खोट नाहीच, खोट फिरण्यात आहे!"

"मग आज डावीकडून जाऊ! भार उजव्या चाकांवर येईल. ती धडधाकट आहेत."

"उलटी प्रदक्षिणा निषिद्ध आहे," नंदी म्हणाला आणि त्याने गाडी बंद केली. एरवी नंदीबैलासारखा मान डोलावणारा हा गडी आजच अडून बसला! आत्या त्याच्यावर धावूनच जाणार होती, पण शरयूने तिचा हात धरला.

"नंदी, शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालतात का रे?"

"नाही, ताई. सोमसूत्र (पिंडीवरचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ) ओलांडायचं नसतं. तिथून आल्या वाटेने मागे फिरायचं. त्या प्रदक्षिणेत डावीकडूनही चालतात आणि उजवीकडूनही."

"आणि पंपघरातून काय वाहत येतं?"

"पाणी."

"मग तेच आपलं सोमसूत्र! तिथवर डावीकडून जायचं आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. नाव नंदी, आणि एवढं कळत नाही?"

नंदीने मान डोलावली. मग इंजिन घरघरलं.

"चला, ताई. डावीकडून."

गाडी परातीच्या काठाने डावीकडे वळत निघाली. प्रत्येक खड्ड्याला आत्या डोळे मिटून घ्यायची. शरयू मात्र उजव्या खिडकीवर आपटत होती, आणि दर वेळी तिला थोडं हायसं वाटत होतं. टायर टिकलं. पंपघराचं दार उघडलं तेव्हा बाबा भिंतीला टेकून बसले होते. ओठ निळसर, पण डोळे उघडे.

"उशीर केलात गं," ते पुटपुटले, आणि आत्या हसता हसता रडायला लागली.

बाबांना तरतरी आल्यावर जॅक काढला आणि डावी-उजवी चाकं आपसात बदलली. यापुढे दर फेरी अशीच, ज्या वाटेने जायचं त्याच वाटेने यायचं. दोन्ही बाजू सारख्या झिजणार. अशा टायरांवर परातीपलीकडची लाल दरीसुद्धा गाठता येईल, असं बाबा म्हणाले.

परतीला गाडी उजवीकडे वळत राहिली आणि शरयू पुन्हा डावीकडे घसरली. पण आता तिथे खिडकी नव्हती, बाबा बसले होते.