प्लगजवळची जागा

ऑक्टोबरात बोटी पाण्यातून वर काढल्या की लोकांना वाटतं, आमचा मोसम संपला. खरं तर तेव्हाच तो सुरू होतो. उन्हाळ्यात बोट म्हणजे नुसती कटकट. वारा पडतो, इंजिन रुसतं, बायकांना मळमळतं. हिवाळ्यात ती जमिनीवर असते, लाकडी-लोखंडी पाळण्यात, ताडपत्रीखाली. हलत नाही, बुडत नाही. दर रविवारी दहा वाजता आम्ही दालचिनीचे पाव आणि थर्मास घेऊन येतो, अडीच मीटर शिडी चढतो, आपापल्या केबिनमध्ये बसतो, पितळ घासतो आणि खिडकीतून शेजाऱ्याची ताडपत्री बघत म्हणतो, "वारा पश्चिमेचा दिसतोय."

आमच्या क्लबचा अध्यक्ष टोर्ग्नी तर लाइफ जॅकेट घालून बसतो. मागे एका जानेवारीत त्याच्या बायकोला घराच्या छपरावरचा बर्फ काढायचा होता, म्हणून तिने त्याची शिडी नेली. हा वर पाच तास अडकला. शेवटी त्याने संकटाचा लाल बाण सोडला. अग्निशमनवाले आले, त्यांनी आधी समुद्र कुठे आहे ते विचारलं. तेव्हापासून शिड्यांना साखळी असते.

मी फोल्के. चाळीस वर्षं रस्त्यांच्या मोजणीत काढली. आवाराची किल्ली आणि क्लबची जुनी क्रेन माझ्याकडे. टेपने मोजलेलं असेल तेवढ्यावर माझा विश्वास.

आवारात विजेचा एकच खांब आणि हिवाळ्यात चालणारा एकच प्लग. ज्याची बोट त्याच्याजवळ, त्याच्या केबिनमध्ये हीटर. बाकीचे मोजे चढवून बसतात. बोटी कोणत्या क्रमाने वर काढायच्या ते सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून ठरतं. आधी येणाऱ्या आत, खांबाकडे जातात. सगळ्यात शेवटची फाटकाच्या तोंडाशी. वसंतात उलटं. ती शेवटची पाण्यात गेल्याशिवाय कोणीच हलू शकत नाही.

त्या वर्षी तिसरा नंबर सिक्स्टनला निघाला. प्लगची जागा. मला निघाला शेवटचा. सिक्स्टनची 'आल्वा' आणि माझी 'मोसेन', दोन्ही बोटी बावीस वर्षं धक्क्यावर शेजारी शेजारी. क्लबच्या सौनात, वाफेत बसलो असताना, त्याला मी म्हटलं, गुडघे फार दुखतात रे, थंडी सोसत नाही. गुडघे ठणठणीत होते. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हसला आणि म्हणाला, "घे बाबा. म्हाताऱ्याला ऊब पाहिजे." यादीवर त्यानेच नावं खोडून अदलाबदल केली.

सहा ऑक्टोबरला मी वर आलो. सत्तावीसला तो यायचा होता, त्यांच्या बेटावरच्या उन्हाळी घराकडून, चार तासांची वाट. सव्वीसच्या संध्याकाळी वारा उठला. सत्तावीसला सकाळी आम्ही 'आल्वा' असं नाव रंगवलेला पाळणा फाटकाशी मांडला, क्रेन तयार ठेवली, कॉफी केली. दोन वाजेपर्यंत थांबलो. सिक्स्टन आयुष्यात कधी वेळेवर आलेला नाही, असं टोर्ग्नी घड्याळ बघून बोलला.

शोधपथक सहा दिवस फिरलं. त्यांना टोपी मिळाली.

पुढच्या रविवारी दहा वाजता त्याची बायको इंगेगेर्ड आली. स्टूल, थर्मास, दोन कप. रिकाम्या पाळण्याशेजारी बसली, दोन्ही कप भरले, एक प्यायली. टोर्ग्नी वर जाऊन दोन तास होकायंत्र पुसत बसला.

पहिला बर्फ नोव्हेंबरच्या मध्याला पडला. सकाळी झाडू घेऊन गेलो. सगळं पांढरं, फक्त पाळण्याच्या खांबांमध्ये जमीन काळी आणि कोरडी. पुढे निमुळती, मध्ये फुगीर. वाऱ्याचा भोवरा असेल, म्हटलं. टेप काढला. लांबी आठ मीटर चाळीस, रुंदी दोन सत्तर. यादीत बघायची गरज नव्हती. 'आल्वा' घेतली तेव्हा मीच मोजून दिली होती. मग मी एक मूर्खपणा केला. आजूबाजूचा बर्फ झाडूने आत ढकलला आणि वरून थोपटला, कोणाला दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी जागा पुन्हा कोरडी. झाडूसुद्धा जाताना आतच विसरलो होतो, तो पाळण्याबाहेर फेकलेला सापडला.

इंगेगेर्डने 'आल्वा'ची हिरवी ताडपत्री आणली तेव्हा क्लबची तातडीची बैठक भरली. अडीच तास. प्रत्येक बोटीवर ताडपत्री हवी असं नियमात आहे. प्रत्येक ताडपत्रीखाली बोट हवी असं कुठेच नाही. ठराव मंजूर. टोर्ग्नीने विरोधात मत दिलं आणि मग स्वतः जाऊन गाठी मारल्या, हातमोजे काढून, एकेक. ताडपत्री चार खांबांवरून सैल लोंबत होती. बर्फ पडला की मध्ये खड्डा होईल, मला वाटलं. खड्डा झाला नाही. नाताळपर्यंत ती चांगली ताणून बसली.

डोलकाठ्या हिवाळ्यात काढून शेडमध्ये ठेवतात, आडव्या, दोऱ्या गुंडाळून. तरी डिसेंबरच्या एका रविवारी फाटकाकडून आवाज यायला लागला. डोलकाठीवर दोरी आपटते तसा. टिंग, टिंग. वारा अजिबात नव्हता. सगळ्या केबिनमधले रेडिओ मोठे झाले.

जानेवारीत मी पाळण्याचे पाय बघितले. जमीन इतकी गोठलेली की खिळा ठोकला तर वाकायचा. चारही पाय चार बोटं आत रुतले होते. बोटीचा कणा टेकतो ते लाकडी ठोकळे दबून चपटे झाले होते, वर ओझं असल्यासारखे.

फेब्रुवारीत वार्षिक सभा झाली. पाळणा फाटकातून उचलून शेडमागे टाकायचा, असं ठरलं. नाहीतर वसंतात त्रेपन्न बोटी आतच. टोर्ग्नी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मलाही वाईट वाटतं, फोल्के. पण बाहेर कसं पडायचं?" इंगेगेर्डला सांगायचं काम माझ्यावर आलं. मला वाटलं ती रडेल. तिला जायला दुसरी जागाच नव्हती. कबर नाही, दगड नाही. हा पाळणा तेवढा होता.

तिने ऐकून घेतलं. "उचल," म्हणाली. "पण सावकाश. त्याची कॉफी सांडेल."

शनिवारी भर दुपारी, उणे नऊ अंश. मी पट्टे बांधले. रिकामा पाळणा दोनशे ऐंशी किलो, मला पाठ आहे. क्रेनने ओढ घेतली आणि कण्हली. तिच्या वजनाचा काटा सरकत राहिला.

तीन हजार चारशे साठ.

मी खाली ठेवला, पुन्हा उचलला. तोच आकडा. पाळणा दोनशे ऐंशी, 'आल्वा' तीन हजार शंभर.

"ऐंशी किलो जास्त येतायत," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"डॉक्टरने पंचाहत्तर सांगितले होते," इंगेगेर्ड म्हणाली. "कधी ऐकलं नाही त्याने."

मी पाळणा होता तिथेच ठेवला. क्रेन बंद केली. मग तिच्या स्टुलाशेजारी बर्फात बसलो.

"इंगेगेर्ड, सहा तारीख त्याची होती. माझे गुडघे चांगले आहेत."

"माहीत आहे. ऑगस्टमध्ये तू टेबलावर नाचला होतास." तिने कपाची कड पुसली. "त्यालाही माहीत होतं. घरी येऊन पोट धरून हसला. म्हणाला, फोल्केला सरळ मागता येत नाही, म्हणून बिचारा गुडघे पुढे करतो."

तिने ताडपत्रीची कड खाली ओढली.

"इथे फाटकात वारा फार लागतो त्याला," ती म्हणाली.

मी 'मोसेन'वर गेलो. माझा हीटर काढला, प्लग उपटला. खांबापासून चाळीस मीटर केबल ओढत फाटकापर्यंत आणली आणि टोक ताडपत्रीच्या कडेखाली सरकवलं; हीटर त्याच्याकडे होताच. सभेला सांगितलं, क्रेनचं गिअर गेलंय, वसंतापर्यंत सुटा भाग मिळणार नाही. त्या रविवारपासून मीही मोजे चढवून बसायला लागलो. जाताना एक पाव केबलच्या टोकाशी ठेवायचो. पुढच्या रविवारी तो नसायचा. उंदीर असतील. आमच्याकडे उंदीर आहेत.

इंगेगेर्डने फक्त एक विचारलं, की शेवटी आलेला पहिला खाली जातो ना. जातो, मी म्हटलं. सोडेन मी त्याला.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सगळे जमले. मी पट्टे बांधले. टोर्ग्नीने उगाचच टोपी काढली.

काटा दोनशे ऐंशीवर थांबला.

ताडपत्री मध्ये खाली पडली होती. इंगेगेर्डने कड उचलून आत बघितलं. ओली माती आणि माझ्या केबलचं टोक. बाकी काही नाही. ती स्टुलावर बसली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा रडली, तोंड न झाकता, मोठ्याने.

"गेला," म्हणाली. "मला सांगितलंही नाही."

पाळणा बाजूला झाला. फाटक मोकळं. त्रेपन्न बोटी एकामागून एक पाण्यात गेल्या. टोर्ग्नी त्याच्या बोटीच्या तळाचं बूच लावायला विसरला, ती दोनदा वर काढावी लागली, आणि त्यावर लोक हसले. कोणीतरी हसायला हवंच होतं.

'मोसेन' शेवटून तिसरी. चार वाजले होते. ती दोन हजार सहाशेची, तिचा पाळणा अडीचशेचा.

दोन हजार नऊशे बत्तीस.

"काय भरून ठेवलंस आत?" टोर्ग्नीने विचारलं. मी बोट अलगद पाण्यावर ठेवली.

इंगेगेर्ड धक्क्याच्या टोकाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, केबिनकडे बघत होती.

"किती?" तिने विचारलं.

"ब्याऐंशी."

"तुझे पाव," ती म्हणाली.

मी हात पुढे केला, येतेस का म्हणून. तिने मान हलवली. बोटीत तिला मळमळतं, पहिल्यापासून. म्हणूनच त्या दिवशीही तो एकटा होता. थर्मास आणि दोन्ही कप तिने माझ्या हातात दिले आणि दोर स्वतः सोडला.

मी इंजिन सुरू केलं. हीटर मी फेब्रुवारीतच काढला होता. केबिनच्या खिडकीला आतून वाफ धरली होती.