मधल्या दोन खुर्च्या

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला तडक आत न्यायचं की बाहेर बसवायचं, हे नर्स इर्मेली मिनिटभरात ठरवायची. फिनलंडच्या उत्तरेकडच्या त्या इस्पितळात, आपत्कालीन कक्षाच्या दारात, तिची एकोणीस वर्षं गेली होती. मनगटाला लाल पट्टी म्हणजे लगेच आत, हिरवी म्हणजे थांबा. तिनं बांधलेली लाल पट्टी एकदाही चुकली नव्हती, आणि याचा तिला रास्त अभिमान होता.

यातली गोम मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिकडची माणसं परक्याला खेटून बसत नाहीत, मध्ये एक खुर्ची सोडतात. पण ज्याचं हृदय खरंच दगा देणार असे, त्याच्या शेजारी दोन खुर्च्या सुटत. का, ते सोडणाऱ्यालाही सांगता येत नसे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तशा दोन सुटल्या. अलीकडे ऑत्सो सुतार, घामानं निथळत, छाती चोळत. पलीकडे नंतर आलेली बसचालक साइला, जबडा धरून.

"दाढ असेल," साइला म्हणाली. "मला घाई नाही."

इर्मेलीनं तिला हिरवी पट्टी बांधली, सुताराला लाल.

अर्ध्या तासानं डॉक्टर पानानेन हसत बाहेर आला. "सिस्टर, तुमचा सुतार ठणठणीत आहे. नुसतं पित्त. चुकलात की हो एकदाच्या!"

"मी चुकत नाही," ती फणकारली, आणि तिची नजर त्या दोन रिकाम्या खुर्च्यांवर गेली. सुटलेल्या जागेला बाजू दोन असतात.

ती धावली. साइलाचे ओठ निळे पडले होते.

"लाल!" इर्मेली ओरडली. "हिला आत घ्या, आधी हिला!"

तासाभरानं आतून निरोप आला. रक्तवाहिनी मोकळी झाली, बाई वाचली.

"मानलं तुम्हाला," पानानेन म्हणाला. "मी तिला दातवाल्याकडे धाडलं असतं."

इर्मेलीचा ऊर भरून आला. ताठ मानेनं ती दाराशी परतली.

नवी सात माणसं आली होती. सगळी एकमेकांपासून लांब लांब, भिंतीला टेकून उभी.

"बसा ना," ती म्हणाली.

कुणी हललं नाही.

बोटाला फडकं गुंडाळलेल्या एका म्हाताऱ्यानं खुर्च्यांची अख्खी रिकामी रांग नजरेखालून घातली.

"कुठं बसू, बाई?" त्यानं हळूच विचारलं. "सगळ्यांपासूनच दोन-दोन खुर्च्या सोडाव्याशा वाटतात."

इर्मेलीनं त्याचं मनगट हातात घेतलं आणि लाल पट्टी बांधली.

मग पुढच्याला.