मुरलेल्या तारा

थोरल्या पुतणीला, म्हणजे दादाच्या मुलीला, मुलगी झाली आणि दादाचा डावा हात गेला, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. आधी बाळ आलं. आजोबा झाल्याचा तोरा दादा चांगला महिनाभर मिरवत होता. मग एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातला आरसा फरशीवर पडला. आरसा धरलेला हात खाली लोंबला तो लोंबतच राहिला. जीभ जरा जड झाली, पाय ओढू लागला, आणि पुढे पुढे तर दादाने खाटच धरली.

दादा एका हॉटेलच्या जेवणघरातल्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचा. काळा कोट, सगळ्यात मागची खुर्ची. जेवणाऱ्यांना तो कधी दिसलाच नसेल, पण मध्येच तो थांबला की त्यांचे घास हातातच राहायचे.

धाकटा भाऊ शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मधल्या भिंतीपलीकडे दादाची खाट. लहानपणी दादानेच त्याला बास शिकवली होती. बँडवाले विचारायला आले तेव्हा दादा खाटेवरूनच धाकट्याला म्हणाला, "तू बस माझ्या जागी. जागा धरून ठेव. मी येतोच."

दिवसा धाकटा शिवायचा. दुपारी मशीन थांबवून दादाची बास मांडीवर घ्यायचा, आणि संध्याकाळी हॉटेलात दादाच्या खुर्चीवर बसायचा. दुपारच्या त्या वेळेलाच वहिनी दादाला भरवायची. भिंतीपलीकडून शेरे यायचे.

"शिंपी तो शिंपीच. टाका घातल्यासारखं वाजवतोय. टाका, टाका, टाका."

"मग तू ये आणि वाजव," धाकटा म्हणायचा.

"येतो ना. कुठे पळून जातोय?"

आणि दादा दोन घास जास्त जेवायचा. वहिनीने हे ओळखलं होतं. भांडी आवरून ती धाकट्याकडे यायची आणि हळूच सांगायची, "उद्यापण वाजवा हं भावजी."

हात गेल्यावर थोड्याच दिवसांत दादाच्या बोटांवरचे घट्टे सुटून आले. तारा दाबून दाबून टोकांशी झालेली टणक कातडी, वर्षानुवर्षांची. खालून गुलाबी, नाजूक कातडी निघाली. दादाने उजव्या हाताने डावा हात उचलून धाकट्याला दाखवला. "बघ. नातीची बोटं आणून बसवलीत मला."

सगळे हसले. दादाही हसला. मग बराच वेळ तो त्या बोटांकडे बघत राहिला.

दादाच्या बासला चपट्या गुंडाळीच्या तारा होत्या. बासच्या तारेवर पोलादाची गुंडाळी असते. गोल तारेची असेल तर बोटाला खरखरीत लागते, हात सरकवला की किंचाळते, आवाजही झगझगीत. चपट्या पट्टीची असेल तर तार रिबिनीसारखी गुळगुळीत. हात कितीही सरकवा, कळत नाही. आवाज आखूड आणि खोल, कुणी बंद दारावर मूठ आपटावी तसा. दादाने या तारा कधी बदलल्या नव्हत्या. बोटांचा मळ गुंडाळीत बसला की मगच तार बोलायला लागते, असं त्याचं म्हणणं.

एका दुपारी सगळ्यात बारीक तार तुटली. धाकट्याने उरलेल्या तिन्ही टाकून दिल्या, तशाच चपट्या तारांचा नवा कोरा संच आणून घातला आणि वाजवायला बसला. भिंतीपलीकडे चमचा थांबला.

"हे कोण वाजवतंय?"

"मीच. नव्या तारा घातल्या."

"चमचे वाजतायत," दादा म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर त्याचं जेवण सुटत गेलं. ताट जसंच्या तसं परत यायचं. तो रागावलेला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "भूक नाही रे." एकदा मात्र म्हणाला, "माझा आवाज त्या तारांत होता. तोही गेला, मग आता कशाला?"

"काहीतरी करा, भावजी," वहिनी म्हणाली. "नुसत्या पाण्यावर माणूस किती तग धरणार?"

वाद्यांचं दुकान बोळाच्या शेवटी होतं. एक म्हातारी ते चालवायची, वाजवणारे सगळे तिला मावशी म्हणायचे. तिने एकेक पाकीट उघडून धाकट्यापुढे ठेवलं. एक तार जास्त ताठ, एक नरम, एकीवर काळं आवरण. दुकानातल्या बासवर चढवून त्याने प्रत्येक वाजवून पाहिली. सगळ्या चमचेच.

"नवी तार अशीच बोलणार," मावशी म्हणाली. "मुरायला वर्षं लागतात."

"तेवढा वेळ नाही, मावशी. मुरलेल्या मिळत नाहीत?"

काउंटरखाली वाकून मावशीने बिस्किटांचा गंजका डबा काढला. आत चार तारांची वेटोळी होती, काळपट. वाजवणारे अशा उतरवलेल्या तारा शोधत येतात, हे धाकट्याला ठाऊक होतं.

"कोणाच्या आहेत?"

"वाजवणाऱ्याच्या." तिने डबा त्याच्याकडे सरकवला नाही. "घरात वाजवतं कोण?"

"मी. आधी दादा वाजवायचा. त्याचा हात गेलाय."

"मग नव्याच घे."

"का?"

"नव्याच घे म्हटलं ना."

धाकट्याने डब्यातून एक वेटोळं उचललं. थंडीचे दिवस होते, दुकानात गारठा होता, आणि तार कोमट होती. खिशातून काढल्यासारखी. त्याने ती चढवून छेडली. दादाचाच आवाज. त्याने चारही वेटोळी घेतली आणि पैसे काउंटरवर ठेवले.

दुपारी त्याने वाजवायला घेतलं. पलीकडे आधी काहीच हालचाल नव्हती. मग खाट करकरली.

"हां," दादा म्हणाला. "आता कसं." आणि थोड्या वेळाने, "काय केलंय जेवायला?"

वहिनी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

बरे दिवस आले. दादाच्या गालांवर मांस चढलं. पुतणी बाळाला घेऊन राहायला आली, तेव्हा त्या तान्ह्या पोरीने आजोबाचं निर्जीव बोट डाव्या मुठीत धरलं आणि काही केल्या सोडेना. "सोड गं, माझं एवढंच उरलंय," दादा म्हणाला. चार दिवसांनी पुतणी सासरी गेली.

मग एका सकाळी काज करताना धाकट्याच्या डाव्या हाताच्या बोटात सुई घुसली. हे नवीनच. त्याच्या बोटांची टोकं सुईला आणि तारेला सरावलेली होती, सुईपासून बोट वाचवणारं अंगुस्तान तो नावाला घालायचा. त्याने उजेडात बोटं धरली. घट्टे नव्हते. रोज तारा दाबत होता, आणि कातडी गुलाबी, नाजूक झाली होती.

त्याच आठवड्यात वहिनी दादाची नखं काढत होती. तिने धाकट्याला हाक मारली.

"हे बघा हो जरा. यांचा हात मी रोज धुते. हे कधी झालं?"

दादाच्या डाव्या हाताची चारही बोटं टोकाशी टणक झाली होती. घट्ट्यांच्या मधून बारीक काळी रेघ गेली होती, तारेचा मळ बसतो तशी. हात मात्र तसाच. वहिनीने सोडला की चादरीवर पडायचा.

दादा झोपला होता. वहिनीने उरलेली नखं तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याने डावा हात खिशात घातला. उजव्या हाताने नुसती तार छेडत राहिला. तारा जिथे दाबतात त्या दांडीला कुणाचा हात लागलेला नाही. तार मोकळी. मोकळी तार एकच सूर देते.

सूर बदलत होते.

चढत होते, उतरत होते. हॉटेलात जेवणं संपत आली की दादा वाजवायचा तीच सुरावट. सरकण्याचा आवाज नाही, काही नाही. चपट्या तारा.

छेडणं न थांबवता तो मान वळवून दारातून आत बघू लागला. दादा डोळे मिटून पडला होता. डावा हात चादरीवर, हलत नव्हता. फक्त बोटांची टोकं एकामागून एक पांढरी पडत होती. कशावर तरी दाबल्यासारखी.

त्याने वाजवणं सोडलं नाही. दादा जेवत होता.

पुढे पुढे धाकट्याच्या हाताला सुईही कळेना. एकदा ती बोटाच्या आरपार गेली आणि त्याने पाहिलं तेव्हाच त्याला कळलं. मग हातातून कापड निसटायला लागलं. एका सकाळी त्याने हातात धरलेली कात्री फरशीवर पडली. डावा हात मशीनच्या कडेवरून खाली लोंबत होता.

"काय पडलं?" आतून दादाने विचारलं.

"कात्री."

"इकडे ये."

धाकटा आत गेला. दादाने उजव्या हाताने त्याचा डावा हात ओढून घेतला, बोटांची टोकं अंगठ्याने चाचपली. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. वहिनी ताट घेऊन दारात उभी होती.

"कधीपासून?"

"होईल बरा."

"तारा उतरव."

"दादा, तू जेवतोयस. परत जेवण सुटलं तर—"

"शिंप्याला दोन हात लागतात. उतरव म्हणतो ना. जाड तार सगळ्यात शेवटी."

धाकटा पुढच्या खोलीत आला. बास मांडीवर आडवी घेतली. डावा हात चालत नव्हता, म्हणून एका हाताने खुंट्या फिरवू लागला.

बारीक तार सैल झाली. आत दादा खोकला.

दुसरी सैल झाली.

तिसरी.

"थांबू नकोस," दादा म्हणाला. आवाज अगदी शांत होता.

जाड तारेची खुंटी त्याने फिरवली. आवाज खाली खाली गेला, मग आवाजच उरला नाही, नुसती थरथर. आणि त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत मुंग्या आल्या. टोकांत सुया टोचल्यासारख्या. जुन्या सगळ्या टोचण्या एकदम दुखल्या.

"भावजी," वहिनीने हाक मारली. फार मोठ्याने नाही.

दादाचा हात चादरीवर होता. बोटं पुन्हा गुलाबी झाली होती, नाजूक, घट्ट्याचा मागमूस नाही.

निरोप जायच्या आतच पुतणी दारात उभी राहिली. बाळ खांद्यावर. ते सकाळपासून रडत होतं, आणि नऊच्या सुमारास वाटेत एकदम गप्प झालं होतं. घरात काय झालंय हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

"काका, आईला बोलवा ना," ती म्हणाली. "हिचा हात तरी बघा. काल रात्रीपर्यंत काही नव्हतं."

तिने बाळाची डावी मूठ उघडून दाखवली. चार इवलीशी बोटं, टोकाशी निबर झालेली. प्रत्येकावर एक बारीक काळी रेघ.

दादा गेला तो गुरुवार होता. सकाळी नऊच्या सुमारास गेला.